झाडावर नोटीस लागलीय? ग्रुपवर फोटो टाकलात म्हणजे हरकत झाली नाही!

नमस्कार मंडळी. परत झाडं, हो. काय करू, मागच्या व्हिडिओखाली निम्म्या कमेंट एकच, "ताई आमच्या गेटसमोरच्या झाडावर कागद डकवलाय, आता काय?" आणि पुढे चार रडणारे इमोजी.

बेसिक पटकन उरकते. 1975 चा राज्याचा कायदा आहे, आपल्या ठाण्याला लागू, झाड तोडायचं तर परवानगी लागते. झाड कशाला म्हणायचं? लाकडी खोडाचं, वर्षानुवर्षं जगणारं, मग ते रोपटं का असेना. एवढंसं पण झाडच. आणि कुंपणाच्या आतलं सुद्धा! "आमच्या आजोबांनी लावलेला आंबा, आम्ही तोडू नाहीतर ठेवू" असं लिहिणाऱ्या दादा, आजोबांना नमस्कार, पण परवानगी लागते.

आता तो कागद. तोडायच्या आधी पेपरात जाहीर नोटीस येते आणि झाडावरही लावावी लागते, हरकतींसाठी 7 दिवस. सात! त्यात शनिवार-रविवार गेला, एक दिवस सोसायटीच्या ग्रुपवर "कोणी केलं हे" मध्ये गेला, एक दिवस सेक्रेटरी गावाला. उरले किती?

आणि हरकत म्हणजे लेखी हरकत, महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याच्या नावाने, दोन प्रती, एक द्यायची आणि दुसरीवर शिक्का, तारीख, आवक नंबर घ्यायचा. पोच घ्यायची पोच.

मी स्वतः शेण खाल्लंय म्हणून सांगतेय. पाचपाखाडीत आमच्या गल्लीत गुलमोहर होता, नोटीस लागली तर मी छान फोटो काढला, ओळखीच्या तिघाचौघांना पाठवला, सगळ्यांनी अंगठा दाखवला, मी म्हटलं झालं काम. कागद एकही दिला नाही. दहाव्या दिवशी सकाळी दूध आणायला खाली उतरले तर करवतीचा आवाज. भांडायला गेले तर तिथला माणूस शांतपणे म्हणाला, मॅडम परवानगी आहे, हरकत आलीच नव्हती. खरंच आली नव्हती हो, कुणाला बोलणार?

अजून एकजण म्हणतो, "मी फोनवर सांगितलंय." कोणाला? उद्या सुनावणीला बोलावलं, कोर्टात जायची वेळ आली, तर पहिला प्रश्न हाच की तुमची हरकत कुठेय. तिथे कॉल लॉग दाखवणार का? पोच घ्या.

अर्जात "झाडं म्हणजे जीवन" असलं लिहू नका प्लीज. नोटिशीचा नंबर, झाडाची जात, जागा, फोटो, आणि खरा प्रश्न: बिल्डिंग पाडून नवी बांधायची म्हणून झाड तोडत असतील, तर हे झाड नव्या नकाशात नेमकं कुठे येतंय? बिल्डिंगच्या पायात, की कडेच्या मोकळ्या जागेत, फक्त गाड्यांचा रॅम्प वळवायला नडतंय म्हणून? दुसरं असेल तर रॅम्प सरकवता येतो का, विचारा.

हे मुद्दाम सांगतेय, कारण एक कमेंट होती, "आमची बिल्डिंग टेकूवर उभीय आणि तुम्हाला झाडाचं पडलंय." अहो माझीही बिल्डिंग जुनीच आहे, पावसाळ्यात छताखाली बादल्या लावतो आम्ही. रिडेव्हलपमेंट नको असं मी कधीच म्हटलं नाही. वीस झाडांची यादी असते, त्यातली पाच-सहा नीट प्लॅन केलं तर वाचतात, ती वाचवा एवढंच.

"पण बदल्यात झाडं लावतात ना?" लावतात. 2021 च्या दुरुस्तीनंतर झाडाचं वय जेवढं तेवढी झाडं लावायची असा नियम आहे, आणि 50 वर्षं किंवा जास्त वयाचं झाड हेरिटेज. कागदावर मस्त. पण नौपाड्यातला चाळीस वर्षांचा पर्जन्यवृक्ष गेला तर चाळीस रोपं नौपाड्यात कुठे लावणार, पेव्हर ब्लॉकवर? ती जाणार लांब कुठेतरी आणि इकडे रिक्षा स्टँडवरची सावली गेलीच.

पेव्हर ब्लॉकवरून आठवलं, बुंध्याला चिकटून सिमेंट ओतणाऱ्यांवर वेगळा व्हिडिओ करणारे. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्येच दिल्लीत झाडाभोवती मीटरभर काँक्रीट नको म्हणून सांगितलं होतं. इथे आमच्या गल्लीत झाडाला कॉलर घातल्यासारखं सिमेंट आहे. असो, भरकटले.



आणि वसंत विहारच्या काकू, तुम्ही नोटिशीचा फोटो पाठवलात तो मी झूम करून पाहिला, तुमची मुदत परवा संपतेय. व्हिडिओ बंद करा, आधी अर्ज लिहा, दोन प्रती.