बावीस हातांवरचा कागद

(दृश्य: माळेगावची जत्रा, संध्याकाळ. फुग्यांचा फळा, त्यावर बल्ब.)

हा आवाज तुमच्या ओळखीचा असणार. फट् करून फुगा फुटतो आन् मागं उभं असलेलं सगळं टोळकं एकदम ओरडतं. नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यात ही माळेगावच्या खंडोबाची जत्रा, घोडे, उंट, गाढवं, सगळा बाजार बघायला लोकं लांबलांबून येतात, पण आमचा कॅमेरा सरळ या फळ्यासमोर येऊन थांबलाय कारण मराठवाड्यातल्या कितीतरी पोरांनी आयुष्यातली पहिली बंदूक अशाच फळ्यासमोर खांद्याला लावलेली असते.

त्या फुगेवाल्याचे हात बघा जरा. नळी धरली, खाली मोडली, छर्रा घातला, नळी वर, दिली पोराच्या हातात. दिवसभर हेच.

हिला ब्रेक बॅरल एअर रायफल म्हणतात. आपण म्हणतो छऱ्याची बंदूक. बारूद नाही, काडतूस नाही, गॅसची टाकी नाही. नळी मोडताना तुमच्या दंडाची जी ताकद लागते तीच स्प्रिंगमध्ये भरली जाते आन् तीच छऱ्याला ढकलते.

पण फळ्यावर फुगा असतो चार-पाच हातांवर आन् नारळाएवढा. कुठंबी लागलं तरी फुटतो. मजा लई येते, त्यात वाईट काहीच नाही, पण नेम कुठं होता आन् छर्रा कुठं गेला हे फुगा कधी सांगत नाही. नेमासाठी लावलेला कागद सांगतो. म्हणून हा व्हिडिओ कागदाबद्दल आहे.

(दृश्य: सकाळ. ज्वारीचं रान, विहीर, विहिरीच्या मुरमाचा ढीग.)

अंबाजोगाईच्या बाजूला, बालाघाटच्या कडेचं गाव. जानेवारी महिना, ज्वारी हुरड्यात आलेली. हे गुरुजी, जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेले, कॉलेजात एनसीसीमध्ये असताना पॉइंट टू टू, म्हणजे बारीक काडतुसाची रायफल चालवलेली, त्यानंतर चाळीस वर्षं हातात खडू. आन् ही त्यांची नात, नववीला आहे. ती त्यांना आबा म्हणते आन् ते तिला माय म्हणतात, इकडं लेकीबाळींना असंच हाक मारतात.

सगळ्यात आधी गुरुजी काय करायलेत बघा. बंदूक अजून कव्हरमधी आहे, त्यांनी हात लावलेला नाही. ते टेपनं जमीन मोजायलेत. दहा मीटर, म्हणजे बावीस हात. ऑलिंपिकमधलं एअर रायफलचं अंतरबी हेच आहे, दहा मीटर. तेवढ्यासाठी मैदान लागत नाही, स्टेडियम लागत नाही, गोठ्यामागची मोकळी पट्टी पुरते.

आता ही पत्र्याची पेटी. गुरुजींच्या लग्नातली. झाकण काढून टाकलंय, आडवी ठेवलीय आन् आत चिंध्या भरायलेत, जुनी धोतरं, फाटकी गोधडी, बंडीचे तुकडे. नुसतं कोंबून चालत नाही, पायानं दाबून दाबून भरायचं, इतकं घट्ट की बोट आत जाऊ नये. तोंडावर जाड पुठ्ठा ताणून बांधला, त्यावर कागद चिकटवायचा. छर्रा पुठ्ठ्यातून आत जातो आन् चिंध्यांत अडकतो, परत येत नाही. काही जण लाकडी खोक्यात काळी माती मळून भरतात, तीबी छर्रा धरून ठेवते, पण आपली काळी माती वाळली की दगड होते मग रोज पाणी मारत बसा, त्यापेक्षा चिंध्या बऱ्या. आन् पेटीच्या मागं हा विहिरीचा मुरूम, दोन पुरुष उंच ढीग, नेम पेटी सोडून गेलाच तर छर्रा पुढं कुणाच्या रानात जायला नको. मुरूम एकटा मात्र चालत नाही, त्यात दगड असतात आन् दगडावरून छर्रा उलटा फिरतो, म्हणून पुढं पेटी पाहिजेच. डोळ्यावर दोघांच्या पांढरा चष्मा दिसायलाय तो ग्राइंडिंगवाले घालतात तो, हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. छऱ्यानं डोळा जातो, कायमचा जातो, आन् असं झालेली घरं आपल्या भागात आहेत.

पुढं जाऊ.

(दृश्य: लातूरमधलं दुरुस्तीचं दुकान. टेबलावर उघडलेली बंदूक.)

हे मला सगळ्यात जास्त दाखवायचं होतं. या कारागीर दादांनी एक जुनी बंदूक आमच्यासाठी पूर्ण उघडली. ही लांब स्प्रिंग बघा, ग्रीसनं काळी झालेली. तिच्या पुढं हा पिस्टन, पिस्टनच्या तोंडावर हा चामड्याचा वॉशर, नवीन बंदुकीत प्लॅस्टिकसारखं सील येतं. नळी खाली मोडली की ही पट्टी पिस्टनला मागं रेटते, स्प्रिंग दबते आन् चापाजवळचा खटका पिस्टनला अडकवून धरतो. चाप ओढला की खटका सुटतो, पिस्टन सुसाट पुढं येतो, समोरची हवा दाबली जाते आन् एका बारीक भोकातून नळीत घुसते. सायकलच्या पंपाचं तोंड अंगठ्यानं बंद करून दांडा दाबा, हाताला काय लागतं ते कळेल, इथं तेच होतं फक्त डोळा मिटायच्या आत.

आता या दोन गोष्टी नीट ऐका कारण नव्या माणसाची बंदूक यातच खराब होते. एक म्हणजे छर्रा न घालता चाप ओढायचा नाही. छर्रा असला की त्याच्यामागं दाबलेली हवा पिस्टनला गादीसारखी अडवते, छर्रा नसला की हवा निघून जाते आन् पिस्टन लोखंडावर आपटतो. शंभरदा असं केलं की सील फाटतं नाहीतर स्प्रिंग तुटते. दुसरं तेलाचं. लोकं प्रेमानं तेल ओततात. जास्त तेल आत गेलं की दाबलेल्या गरम हवेत ते पेटतं, मोठा आवाज होतो, नळीतून धूर येतो, आन् पोरांना वाटतं वा, पॉवर वाढली. ती पॉवर कामाची नाही, बंदुकीचं आयुष्य कमी झालं. चामड्याच्या वॉशरला थेंबभर लागतं, तेवढंच.

ही दादांसारखी घरी उघडू नका, स्प्रिंग आतच दाबून बसवलेली असते, अंगावर येते.

(दृश्य: परत शेत. नात नळी मोडते.)

कव्हर आत्ता निघालं. साधी बंदूक आहे, वर दुर्बीण नाही, मुद्दाम नाही. मी स्वतः पहिली घेतली तेव्हा दुर्बिणीसकट घेतली होती, एका ऑनलाइन दुकानावरून, दोन डब्या छर्रे संपायच्या आत दुर्बिणीतली फुली हलायला लागली, मी महिनाभर माझाच नेम चुकतोय म्हणून स्वतःला शिव्या घालत बसलो. स्प्रिंगच्या बंदुकीचा धक्का दोन्हीकडं असतो, आधी मागं आन् पिस्टन थांबला की पुढं, साधी दुर्बीण हे सहन करत नाही. त्यासाठी वेगळी मजबूत दुर्बीण घ्यावी लागते. पण माझं म्हणणं असं की पहिलं वर्षभर ती घ्यायचीच कशाला, नेम धरायला नळीवर दोन खुणा असतात, पुढचं साईट आन् मागचं साईट, त्या दोन आन् तुमचा डोळा एवढ्यावर शिका.

नळी मोडताना तिचा डावा हात बघा, छर्रा बसेपर्यंत नळी सोडलेली नाही. खटका चुकून निसटला तर नळी झटक्यात वर येते आन् बोट मधी असेल तर बोट गेलं. उघड्या नळीवर चाप ओढला तर नळीच वाकते. "माय, नळी धर, मग छर्रा," गुरुजी प्रत्येक वेळी म्हणायलेत, पन्नासाव्या वेळीबी म्हणायलेत, आमच्या साउंडवाल्याला ते वाक्य पाठ झालं.

छर्रा जवळून बघू. मधी कंबर, मागं घागरा. घागऱ्याची कड पातळ असते, हवेचा दाब आला की ती फुलते आन् नळीतल्या आट्यांना घट्ट बसते, त्या आट्यांमुळं छर्रा गरगर फिरत सरळ जातो. कड चेपलेली असली की छर्रा भरकटतो म्हणून नात प्रत्येक छर्रा बोटात फिरवून बघते. चपट्या तोंडाचा छर्रा कागदाला पंचनं पाडल्यासारखं गोल भोक पाडतो, मोजायला सोपं. शिसं असतं हे, तोंडात धरायचे नाहीत आन् नंतर साबणानं हात धुवायचे.

(दृश्य: डावा तळहात, अगदी जवळून. बराच वेळ.)

इथं आम्ही कॅमेरा हलवला नाही.

पहिल्या दिवशी तिनं बंदूक आवळून धरली होती, आपण सगळेच धरतो, हलू नये म्हणून. पाच छर्रे मारले, दोन कागदावरच नव्हते. गुरुजी काही बोलले नाहीत. त्यांनी तिच्या आज्जीला हाक मारली, आज्जी चुलीवरून उठून आल्या, हाताला पीठ तसंच. गुरुजी म्हणाले, "भाकरी तव्यात टाकायच्या आधी हातावर कशी असते ते दाखव हिला." आज्जींनी नुसता तळहात पुढं केला, उघडा. भाकरी तिथं धरलेली नसते, ठेवलेली असते.

बंदूक तशी. छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आधीच पिस्टन हललेला असतो, म्हणजे बंदूक हलणारच, तुम्ही कितीबी आवळा. आवळलं तर ती दरवेळी वेगळ्या बाजूला उडते कारण तुमची पकड दरवेळी वेगळी असते. सैल ठेवली तर दरवेळी एकसारखी उडते, आन् एकसारखी उडाली की छर्रे एका जागी पडतात. पुढचा हात उघडा, मागचा हात नुसता टेकलेला, दस्ता खांद्याला हलका. पोत्यावर टेकवायची असेल तरी मधी तळहात पाहिजे, कडक जागेवर सरळ ठेवली की ती उसळते.

मग नजर. मागच्या साईटच्या खाचेत पुढचं साईट मधोमध, दोन्ही बाजूला सारखा उजेड. डोळ्यानं स्पष्ट काय बघायचं तर पुढचं साईट, कागद थोडा धूसर दिसला तरी चालतो. श्वास घ्यायचा, अर्धा सोडायचा, थांबायचं. पाच-सात सेकंदांत सुटलं नाही तर बंदूक खाली, परत श्वास. चाप झटका देऊन नाही, दाबत दाबत न्यायचा, आन् सुटल्यावरबी तसंच राहायचं, लगेच मान वर करून कुठं लागलं बघायचं नाही. हे तिला सगळ्यात अवघड गेलं. आम्ही तीन दिवस होतो, तीनही दिवस ती मान वर करायची.

पाच छर्रे मारून झाल्याशिवाय साईटच्या स्क्रूला हात लावायचा नाही. एक छर्रा डावीकडं गेला म्हणून स्क्रू फिरवला, दुसरा उजवीकडं गेला म्हणून परत फिरवला, असं केलं की संध्याकाळपर्यंत तिथंच. पाची एका जागी पडू द्या, भले कोपऱ्यात पडू द्या, मग मागचं साईट ज्या बाजूला छर्रे न्यायचेत त्या बाजूला सरकवायचं. दस्त्याचे स्क्रू मात्र रोज बघायचे, धक्क्यानं ढिले होतात.

(दृश्य: घरातली भिंत. पेपरचं पिवळं पडलेलं कात्रण.)

हे २००८ चं कात्रण. बीजिंग, अभिनव बिंद्रा, १० मीटर एअर रायफल, सुवर्ण. एअर रायफल ऑलिंपिकमध्ये आली १९८४ ला. २०२२ ला कैरोमध्ये आपल्या ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील याच प्रकारात विश्वविजेता झाला. त्यांच्या रायफली आता दाबलेल्या हवेच्या नळकांड्यावर चालतात, धक्का जवळजवळ नाही, किंमत लाखांत. त्यांच्या स्पर्धेच्या कागदावरचा दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, दहा मीटरवरून दिसतबी नाही. शेजारी २०२४ चं पॅरिसचं कात्रण, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, कांस्य, तो ५० मीटरचा प्रकार, तिथं पॉइंट टू टूची खरी काडतुसाची रायफल. कांबळवाडी हे गावच आहे, आमच्या या गावासारखं. कोल्हापूरकडं नेमबाजीची परंपरा आहे, आपल्याकडं पोरं जत्रेच्या फळ्यापाशीच थांबतात. ती थांबू नयेत म्हणून तर आम्ही हे शूट करायला आलो.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. शस्त्र नियम २०१६ प्रमाणं नळी ४.५ मिलिमीटरची, म्हणजे पॉइंट वन सेव्हन सेव्हन, आन् ताकद २० ज्यूलच्या आत असेल तर परवाना लागत नाही, दुकानदार ओळखपत्र आन् पत्त्याचा पुरावा घेतो. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २०० मीटरनं निघाला तर १० ज्यूल होतात, कागदाला तेवढे पुरून उरतात. जास्त पॉवरची मागू नका, ती मोडायला जड, धरायला अवघड, नव्या हाताला काही शिकवत नाही.

(दृश्य: ज्वारीतला माळा. चुलते गोफण फिरवतात, पाखरांचा थवा उठतो.)

गोफणीचा हा आवाज आम्हाला फार आवडला म्हणून पूर्ण ठेवलाय. पाखरं उठतात, फिरून पलीकडच्या रानात बसतात, चुलते परत गोफण भरतात. बंदूक या बाजूला येत नाही, पाखरू मारणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे आन् गुरुजींच्या घरी त्याच्याही आधीपासून बंद आहे.

(दृश्य: तिसरा दिवस, सकाळी साडेसात. धुकं.)

वारा नाही. मे महिन्यात इथं दहानंतर बाहेर उभं राहवत नाही, ते शूट आमच्याकडं नाही, पण गुरुजी म्हणाले उन्हाळ्यात पहाटेच बसतो.

ती पोत्यामागं बसलीय. "लाईन मोकळी?" ती विचारते. गुरुजी मागं वळून बघतात, वासरू बांधलेलं आहे, आज्जी ओसरीत आहेत. "मोकळी, माय."

यापुढं मी बोलत नाही.

(पाच छर्रे. मूळ आवाज, कट नाही.)

(दृश्य: गुरुजी पेटीकडं चालत जातात. कागद काढतात. खिशातून दहा रुपयाचं नाणं काढून कागदावर ठेवतात.)

चार भोकं नाण्याखाली गेली. पाचवं बाहेर आहे, बोटभर उजवीकडं.

"मान वर केली," ती लांबूनच ओरडली.

गुरुजींनी कागदावर तारीख टाकली, घडी करून वहीत ठेवला आन् पुठ्ठ्यावर नवीन कागद चिकटवला.