बांध घातला कोणी?

(माहितीपटाचे निवेदन. पहाट. रायबंदरचा धक्का. फेरीबोट सुटते.)

गोव्यातल्या रायबंदरच्या धक्क्यावरून सुटलेली फेरीबोट मांडवी नदी ओलांडून चोडण बेटाला लागते, तेव्हा सर्वांत आधी नजरेस पडते ती काठावरची खारफुटी. बेटाच्या पश्चिम टोकाला डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. १९८८ साली घोषित झालेले, अवघे १.७८ चौरस किलोमीटरचे. बाहेरच्या पाहुण्याला चोडण माहीत असते ते बहुधा एवढ्यापुरतेच.

आज या फेरीबोटीतून उतरलेले सात जण पक्षी पाहायला आलेले नाहीत. कोणी डिचोलीहून आले आहे, कोणी सांग्याहून, कोणी पेडण्याहून, तर एक जण सीमेपलीकडच्या सावंतवाडीहून. सातही जण मराठीत लिहितात, आणि पर्यावरण व सामाजिक न्याय या विषयांवरचे आपले अपुरे लेखन पुढे नेण्यासाठी दहा दिवस एका जुन्या चिरेबंदी घरात एकत्र राहणार आहेत. घराच्या सोप्यावर त्यांची वाट पाहत बसलेले निवृत्त शिक्षक या शिबिराचे मार्गदर्शक आहेत. त्यांना सगळे नुसते ‘सर’ म्हणतात. त्यांच्या खिशातली तांबडी पेन्सिल पुढे अनेकदा दिसेल.

(बांधावरची पायवाट. मानस. पाण्याचा आवाज.)

पहिल्या दिवशी कोणीही कागद उघडायचा नाही, असे ठरले होते. कापणी नुकतीच आटोपली होती आणि खाजनात भाताचे खुंट उभे होते. खाजन म्हणजे भरतीच्या पाण्याखाली जाणारी खाडीकाठची सखल जमीन, जी बांध घालून शेतीखाली आणली आहे. हा बांध चिकट माती, पेंढा आणि चिऱ्याचे दगड यांनी उभा राहतो. त्याला सिमेंट लागत नाही, माणसे मात्र दरवर्षी लागतात.

बांधातली ही मानस, म्हणजे पाण्याची वाट राखणारे दार, पाहा. चिऱ्यांच्या दोन भिंतींमध्ये लाकडी दारे टांगलेली आहेत. ओहोटीच्या वेळी आतले पाणी दारे ढकलून नदीत उतरते, आणि भरती चढू लागली की नदीचेच पाणी दारांवर रेटा देऊन ती मिटवते. या कामाला ना वीज लागते, ना राखणदार. सातही लेखक दारांसमोर सव्वा तास बसून राहिले. पाण्यावरची एक पेंढ्याची काडी नदीच्या दिशेने चालली होती. ती मंदावली, थांबली, जागच्या जागी फिरली आणि उलटी आत येऊ लागली. त्यानंतर थोड्याच वेळात दारे मिटल्याचा जो आवाज झाला, तो आम्ही मूळ ध्वनीसह ठेवला आहे.

(दारे मिटतात. निवेदन थांबते.)

मोठ्या पावसात जमिनीतला खार धुऊन निघतो आणि मग खाऱ्या मातीला न डगमगणारे कोरगूट भात इथे उभे राहते. ही रीत किती जुनी आहे, याचा माग बांदोड्याच्या ताम्रपटापर्यंत लागतो. सहाव्या शतकातल्या त्या दानपत्रात ‘खज्जन’ जमिनीचा उल्लेख आहे. पुढे १५२६ मध्ये पोर्तुगीज अधिकारी अफोन्सु मेशिया याने गावकरीचे रीतिरिवाज लेखी नोंदवून घेतले. गावकरी, म्हणजे ज्या संस्थेला पुढे कोमुनिदाद हे नाव मिळाले, ती गावाची जमीन सामाईक ठेवी, बांध आणि मानशींची निगा राखी आणि उरलेल्या उत्पन्नातून गावकारांना, म्हणजे आपल्या सभासदांना, ‘जण’ नावाचा वाटा देई. गावकरीचे गोडवे गाणारे लेखन गोव्यात उदंड आहे, आणि आमच्याही मनात तिची ओढ आहे, हे लपवण्याचे कारण नाही. परंतु जणाचा वाटा जात असे मूळ घराण्यांच्या पुरुष वारसांकडे, आणि बांधावर चिखलात उभे राहणारे गावडे, कुणबी व इतर कष्टकरी त्या वाटपाच्या यादीत नसत.

(सोपा. वह्या. तांबडी पेन्सिल, जवळून.)

दुसऱ्या दिवशी लिहून झालेली पाने सरांनी मागून घेतली. फोंड्याच्या एका शिक्षिकेच्या वहीतले हे पान आहे. “येथे शेकडो वर्षांपूर्वी बांध घातला गेला, मानशी बसवल्या गेल्या आणि जमीन लागवडीखाली आणली गेली.” वाक्य शुद्ध आहे, ओघवतेही आहे. सरांनी त्यातल्या तिन्ही ‘गेला-गेल्या-गेली’खाली तांबडी रेघ ओढली आणि समासात एकच शब्द लिहिला: ‘कोणी?’

मराठीतला हा ‘गेला-जाते’चा कर्मणी प्रयोग फार सोयीचा आहे, असे त्यांचे म्हणणे. अहवालांना, ठरावांना आणि पर्यावरणावरच्या लेखांना तो विशेष मानवतो. जंगल तोडले जाते, गाव हलवले जाते, नदी वळवली जाते. करणाराही दिसत नाही आणि राबणाराही. पुढचे तीन दिवस सातही जण आपापल्या पानांतली अशी वाक्ये शोधून काढत होते. एका तरुणाच्या चौदा पानांत त्याला अशी एकसष्ट वाक्ये सापडली. पाच वाक्यांचा कर्ता त्यालाच ठाऊक नव्हता, म्हणून तो फेरीबोटीने पणजीला जाऊन जुनी कागदपत्रे चाळून आला.

शिक्षिकेने आपले वाक्य बदलले: “गावडे समाजातल्या पुरुषांनी हा बांध घातला.” ते तिने सोप्यावर वाचून दाखवले, तेव्हा शेजारच्या घरातल्या एक वयस्क मावशी पायरीवर बसून ऐकत होत्या. पूर्वी त्या स्वतः बांधावर कामाला जात. त्यांनी एवढेच विचारले, “आनी आमी?” पुरुष चिखल कापून देत आणि त्याच्या पाट्या डोक्यावर घेऊन बायकाच बांधापर्यंत वाहत, हे त्यांनी नंतर हाताने दाखवले.

(मावशींचे हात. निवेदन नाही.)

१९६४ चा कूळ कायदा आल्यावर कसणाऱ्याला हक्क मिळाला, आणि त्यानंतर बांधांची जबाबदारी हळूहळू कूळ संघटनांकडे आली. मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव होतो. लिलाव घेणाऱ्याला खारे पाणी आत हवे असते आणि भात पिकवणाऱ्याला ते बाहेर. पडीक शेतात खारे पाणी शिरले की काही वर्षांत तिथे खारफुटी उभी राहते, आणि कायदा खारफुटीला हात लावू देत नाही. २०११ च्या किनारी नियमन अधिसूचनेत खाजनाच्या रक्षणाचीही तरतूद आहे. मग बुडालेल्या शेतातले झाड राखायचे की झाडाखालचे शेत, यावर शिबिरात एका रात्री पेडण्याचा कवी आणि सावंतवाडीचा पत्रकार यांच्यात कडाक्याचा वाद झाला. तो आमच्याकडे चित्रित नाही. वीज गेली होती.

डिचोलीची लेखिका खाणींवर लिहीत होती. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. खनिज वाहणाऱ्या बार्जींच्या लाटांनी मांडवीकाठचे बांध ढासळतात, ही इथली जुनी तक्रार आहे. तिचे वडील बार्जीवरच खलाशी होते. सांग्याचे लेखक कुर्डीवर लिहीत होते. साळावली धरणात बुडालेले ते गाव उन्हाळ्यात पाणी उतरले की वर येते. आम्ही गेलो तेव्हा ते पाण्याखाली होते, म्हणून इथे दिसणार नाही.

(संध्याकाळ. बांधावरची भेग. फेरीबोटीचा भोंगा.)

दहाव्या दिवशी सात मसुदे तयार झाले आणि त्यांतले तीन नंतर छापूनही आले. मानशीपासून थोड्या अंतरावर बांधाला पडलेली ही भेग पहिल्या दिवशी होती तशीच शेवटच्या दिवशीही होती. ती पावसाळ्यापूर्वी बुजवली जाईल, असे गावात सांगितले गेले. हे वाक्य सरांच्या पेन्सिलीखालून सुटणारे नाही, याची आम्हाला कल्पना आहे.