बोटभर पाण्यातला संसार

[दृश्य: नान्नजचा माळ. मृग कोरडा चाललाय. वारं आणि धूळ.]

पाऊस लांबला की आमच्या सोलापूरकडच्या गावांत धोंडी निघायची. पोराच्या अंगाला कडुलिंबाचा पाला, डोक्यावर पाट, पाटावर चिखलाची पिंड आणि पिंडीशेजारी एक बेडूक. आयाबाया उंबऱ्यातून तांब्याभर पाणी ओतायच्या. प्यायचं पाणी मोजून वापरणाऱ्या घरांतूनसुद्धा. मी त्या पोरांमागून फिरलोय. त्या बेडकाच्या गळ्याची लपलप अजून डोळ्यांपुढे आहे.

म्हणून आंबोलीच्या भेकाची, म्हणजे खडबडीत कातडीच्या बेडकाची, गोष्ट इथून, कोरड्या माळावरून सांगतोय.

[दृश्य: आंबोली. धुकं, पाऊस, उघडा कातळ.]

आमच्याकडे दहा वर्षांत मिळून जेवढा पाऊस पडतो, तेवढा आंबोलीत एका पावसाळ्यात कोसळतो. सिंधुदुर्ग जिल्हा, सावंतवाडी तालुका, सह्याद्रीचा माथा. पाहुण्यांचे डोळे धबधब्याकडे. आपल्याला बघायचाय तो सडा. जांभ्या दगडाचं उघडं, सपाट पठार. झाड नाही, माती नावापुरती.

रात्र झाली की बॅटरीचा झोत अगदी जमिनीलगत धरा. दगडाच्या खळग्यात पाणी साचलंय, बोटाचं एक पेर बुडेल न बुडेल एवढंच. त्यात तपकिरी, खडबडीत पाठीचा एक छोटासा जीव बसलाय. नीट बघा, कुशीवर वाघासारखे पट्टे आहेत. त्यावरूनच शास्त्रीय नाव पडलं, झँथोफ्राइन टायगरिना. संशोधक एस. डी. बिजू, वरद गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 साली तो जगासमोर आणला. तोवर या आंबोली टोडची विज्ञानात नोंदच नव्हती. आज आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या यादीत तो अतिसंकटग्रस्त आहे.

त्याचा सगळा संसार पावसाच्या वेळापत्रकावर चालतो. मान्सूनच्या सुरुवातीच्या थोड्या दिवसांत नर-मादी सड्यावर जमतात. अंडी या उथळ डबक्यांतच. पिल्लंही इथंच वाढणार. मध्ये दोन-चार दिवस कडक ऊन पडलं, तर डबकं आटतं आणि आतली सगळी पिढी दगडावर वाळून जाते. हा धोका त्याच्या वाट्याला पूर्वीपासून आहे आणि त्यातूनही तो टिकला.

टायरचं मात्र तसं नाही. पावसाळी रात्री भेक रस्ता ओलांडतात आणि त्याच दिवसांत पर्यटकांच्या गाड्यांची रीघ लागते. ओल्या डांबरावर तो दिसतच नाही. सड्यावर गाडी चढवली, तर एका चाकाखाली शेकडो पिल्लं जातात आणि गाडीतल्याला पत्ताही लागत नाही.

[दृश्य: पुन्हा नान्नज. गवत, क्षितिज.]

सड्याला लोक 'नुसता दगड' म्हणतात, तेव्हा माझ्या पोटात कालवतं. कारण आम्ही आमच्या माळाला हेच म्हणत आलो. सातबाऱ्यावर पोटखराबा, बोलण्यात पडीक. त्याच पडीक गवतात माळढोक पक्षी उघड्या जमिनीवर एकच अंडं घालायचा. 1979 साली अभयारण्य झालं, तरी माळ नांगरला जात राहिला, तुकड्यातुकड्यांनी तुटत गेला. आज नान्नजला माळढोक दिसला तर पेपरात बातमी येते. आम्ही हे डोळ्यांदेखत होऊ दिलं. आंबोलीच्या सड्यावर अजून वेळ गेलेली नाही.

जुलैत तिकडे जाणार असाल, तर रात्री घाटमाथ्यावर गाडी हळू घ्या. थांबायचं तर डांबरावरच थांबा. सड्यावर पाय टाकण्याआधी डबक्यात एकदा वाकून बघा.

[दृश्य: गावची विहीर, संध्याकाळ.]

धोंडीची फेरी संपली की बेडूक विहिरीच्या ओल्या कडेला सोडायचो. मी एकदा तो लांबूनच टाकायला निघालो, तर आजीनं माझं मनगट धरलं. म्हणाली, "हळू सोड रं. म्होरच्या वर्षी त्यालाच बोलवायचं हाय."