मळली की झिजली?

[रात्रीचे साडेदहा. मुंबईच्या फोर्ट भागातली एक जुनी कार्यालयीन इमारत, तळमजला. शेवटची लिफ्ट रिकामी होते. बाहेर ऑगस्टचा पाऊस.]

निवेदन :

दिवसभर या फरशीकडे कुणी बघत नाही. लोक दारातून आत येतात, छत्री झटकतात, कार्ड दाखवतात आणि लिफ्टकडे वळतात. दारापासून लिफ्टपर्यंत पंचवीसएक पावलं. रोज तीच माणसं, तीच वाट, त्याच फरश्या.

आता लोक गेले आहेत. रात्रपाळीच्या बाई बादली घेऊन आल्या आहेत. आणि त्यांच्यामागून एक मिस्त्री. दगड घासण्यात, पॉलिश करण्यात त्यांचं निम्मं आयुष्य गेलंय. आज त्यांच्याकडे मशीन नाही. एक बॅटरी, एक नाणं, पाण्याची बाटली आणि एक स्वच्छ फडकं, एवढंच सामान.

इमारतीच्या व्यवस्थापनाचं म्हणणं आहे, फरशी जुनी झाली, सगळी घासून चकचकीत करून द्या. मिस्त्रींनी अजून होकार दिलेला नाही. त्यांना आधी एकच गोष्ट ठरवायची आहे. फरशी मळली आहे, की झिजली आहे?

[बॅटरी जमिनीलगत आडवी धरलेली. उजेड फरशीवरून सरपटत जातो.]

वरून बघितलं तर फरशी बरीच बरी दिसते. बॅटरी अशी आडवी धरली की मात्र सगळं उघडं पडतं. दारापासून लिफ्टपर्यंत एक पट्टा आहे, धुरकट, बारीक ओरखड्यांनी भरलेला. देवळाच्या पायऱ्यांवर मधोमध खोलगट वाट पडलेली असते ना, तिची ही सुरुवात.

आता सोफा सरकवू या.

सोफ्याखालचा संगमरवर अजून बसवला त्या दिवसासारखा आहे. छतावरच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब इथे धारदार रेघेसारखं दिसतं. तीच रेघ चालण्याच्या वाटेवर दुधात विरघळल्यासारखी पसरते. एकाच खाणीचा, एकाच दिवशी बसवलेला दगड, आणि एवढा फरक.

हा फरक केला वाळूने. फ्रेडरिक मोह्स या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने १८१२ साली खनिजांच्या कठीणपणाची एक ते दहा अशी पट्टी मांडली. कोण कुणावर ओरखडा काढू शकतो, एवढाच तिचा निकष. संगमरवर ज्या कॅल्साइटचा बनतो, ते या पट्टीवर ३. वाळूतलं क्वार्ट्झ ७. बुटाच्या तळव्याला चिकटून आलेला एकेक कण म्हणजे संगमरवरावर फिरणारी छिन्नीच.

[मिस्त्री दारातली चटई उचलतात. खाली ओली वाळू.]

ही चटई दोन पावलांची आहे. दोन पावलांत बुटाची वाळू निघत नाही. आणि ती झटकून किती दिवस झाले, हे तिच्याखालचा ढीगच सांगतोय.

[बाटलीचं झाकण उघडण्याचा आवाज.]

आता खरी परीक्षा. वाटेच्या मधोमध हातभर लांबरुंद चौकोन घ्यायचा. साधं, उदासीन क्लीनर, म्हणजे आम्लही नाही आणि अल्कलीही नाही असं. हलक्या हाताने घासायचं, स्वच्छ पाण्याने दोनदा पुसायचं आणि पूर्ण सुकू द्यायचं. घाई करायची नाही, कारण ओला दगड नेहमीच सुंदर दिसतो. ओल्या दगडावरून निर्णय घेणाऱ्यांची फसगत झालेली मी बघितली आहे.

वाळल्यावर चमक परत आली, तर फरशी मळली होती. घासाईची गरज नाही, सफाईची पद्धत बदलायची. चौकोन स्वच्छ झाला पण धुरकटपणा तसाच राहिला, तर दगडाचा वरचा पृष्ठभागच गेलेला आहे. तो कुठल्याही फडक्याने, कुठल्याही द्रावणाने परत येणार नाही. या वाटेवर तसंच झालं.

लिफ्टसमोर ग्रॅनाइट आहे. तोही फिका पडलेला, म्हणून व्यवस्थापनाच्या यादीत त्याचंही नाव होतं. मिस्त्रींनी तिथे तोच चौकोन पुसला आणि दगड आरशासारखा झाला. ग्रॅनाइट पावलांनी सहजासहजी झिजत नाही. त्यात क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार असतं, दोन्ही कठीण. त्याच्यावर साचतो तो साबणाचा थर. रोज जास्त साबण, रोज तेच गढूळ पाणी, आणि वर्षभरात दगडावर एक पापुद्रा. यादीतून ग्रॅनाइट खोडला गेला. जागेवर ग्रॅनाइट घासणं हे वेळखाऊ, खर्चिक काम. इथे ते विनाकारण झालं असतं.

[स्वच्छतागृहाकडे जाणारा बोळ. इथे हिरवट कोटा. दारापाशी पांढुरके शिंतोडे.]

इथे जरा थांबू या. मला या जागेबद्दल सगळ्यात जास्त बोलायचं आहे.

हे डाग कशाचे, असं विचारलं तर बहुतेक जण म्हणतील, कसलं तरी पाणी सांडलं असेल, घासून काढा. बोट फिरवून बघा. आजूबाजूचा दगड गुळगुळीत लागतो, डागावर बोट किंचित अडखळतं. डाग दगडात मुरतो आणि गडद दिसतो. हा फिका आहे, आणि खरखरीत आहे. म्हणजे दगडावर काही चढलेलं नाही. दगडातून काहीतरी गेलंय.

ते नेलं ॲसिडने. स्वच्छतागृह साफ करायची बाटली बादलीत ओतताना चार थेंब बाहेर उडाले असतील. संगमरवर आम्लाने खराब होतो, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण कोटा? राजस्थानच्या कोटा-रामगंजमंडी पट्ट्यातला हा दगड म्हणजे चुनखडक. आपली शहाबादी फरशी, कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातली, तीही चुनखडक. ओट्याला लावतात तो कडप्पाही चुनखडकच. चुनखडक काय आणि संगमरवर काय, दोघांचाही मुख्य घटक एकच, कॅल्शियम कार्बोनेट. आम्ल पडलं की ते विरघळतं आणि कार्बन डायऑक्साइड वायू उडून जातो. तो बारीक फेस दिसतो ना, आणि आपल्याला वाटतं मळ निघतोय, तो दगड असतो.

लिंबू सरबत, व्हिनेगर, कोला यांनीही हेच होतं, जरा सावकाश. कॉफीच्या मशीनभोवती, स्वागतकक्षाच्या टेबलाशी असे ठिपके हमखास सापडतात.

आमच्या गावच्या घरी स्वयंपाकघरात शहाबादी फरशी होती. आजी ती नुसत्या पाण्याने आणि पोतेऱ्याने पुसायची, दिवसातून दोनदा, पाणी बदलून. त्या फरशीला आरशाची चमक कधीच नव्हती, पण तळपायाला लागणारा तिचा मऊ थंडावा मला अजून आठवतो. ॲसिडची बाटली त्या घरात आलीच नाही.

बोळातले ठिपके थोडे आणि उथळ आहेत. बारीक नंबरच्या डायमंड पॅडने, म्हणजे हिऱ्याचे बारीक कण बसवलेल्या चकतीने, तेवढीच जागा घासली तरी पुरेल. संगमरवराच्या वाटेला मात्र सुरुवातीपासूनची घासाई लागणार.

[मिस्त्री नाण्याने एकेक फरशी वाजवत जातात. टण्. टण्. टण्. बद्द.]

ऐकलंत?

हा बद्द आवाज म्हणजे फरशीखाली पोकळी आहे. खालच्या मसाल्याने तिला सोडलंय. अशा फरशीवर घासाईचं जड मशीन चढवलं तर ती तिथेच तडकते. म्हणून आधी ती उचलून पुन्हा बसवायची, किंवा खाली रेझिन, म्हणजे सुकून घट्ट होणारा चिकट द्रव, भरायचं, आणि मगच मशीन. खांबाजवळच्या सहा फरश्यांवर मिस्त्रींनी खुणेची चिकटपट्टी लावून ठेवली.

रात्री सामानाची ट्रॉली जाते तेव्हा खटखट आवाज होतो, असं सुरक्षारक्षकाने सांगितलं. शेजारच्या दोन फरश्यांच्या कडा वरखाली झाल्या की चाक असं वाजतं. आधी कडांचे टवके उडतात, मग त्या फटीत काळा मळ बसतो, आणि एके दिवशी कुणीतरी ठेचकाळतं. हे नुसत्या पॉलिशने जात नाही. उंच कडा घासून सगळा पृष्ठभाग एका पातळीत आणावा लागतो आणि सांधे पुन्हा भरावे लागतात.

[मागची भिंत. फरशीच्या सांध्यांवर पांढरी बुकटी.]

आणि हा लोणा. पाणी खालून वर येतं, येताना क्षार आणतं, पाणी उडून जातं आणि क्षार सांध्यावर राहतात. शेजारचा संगमरवर पिवळसर पडलाय. दगडात मुळात असलेल्या लोहाला सतत ओल लागली की ते गंजतं, आणि त्याचा हा रंग. हे आज घासून काढलं तर पुढच्या पावसात पुन्हा येईल. आधी भिंतीतला पाइप बघायला हवा, तो प्लंबर बघेल. पॉलिशवाल्याने इथे हात लावू नये. एकाच रेषेत चार-पाच फरश्या ओलांडून गेलेली भेगही तशीच. तिचं मूळ फरशीत नसतं, खालच्या स्लॅबमध्ये असू शकतं. ती इंजिनिअरला दाखवायची.

[पाण्याचे थेंब संगमरवरावर. घड्याळ. दहा मिनिटांनी फडक्याने टिपल्यावर खाली गडद गोल.]

पाणी मुरलं. म्हणजे दगडाची रंध्रं उघडी आहेत. सीलर, म्हणजे पाणी मुरू न देणारं द्रावण, कधी लावला असेल तर तो संपला. चहा सांडला तर तोही असाच मुरणार. मुरलेला डाग घासून नाही, ओढून काढतात. शोषून घेणाऱ्या मातीचा लेप लावायचा, झाकून ठेवायचा, सुकला की डाग लेपात येतो. आग्र्याला ताजमहालाच्या पिवळ्या पडलेल्या संगमरवरावर पुरातत्त्व खातं मुलतानी मातीचा लेप लावतं, त्यामागचं तत्त्वही हेच.

आता प्रश्न दाराजवळच्या जागेचा. व्यवस्थापनाला तिथे काचेसारखी चमक हवी आहे. मिस्त्री नको म्हणतात, आणि मी मनापासून त्यांच्या बाजूने आहे. पावसाळ्यात ओल्या बुटांनी माणसं तिथे पहिलं पाऊल ठेवतात. ओला, चकचकीत संगमरवर म्हणजे कुणाचा तरी मोडलेला खुबा. डायमंड पॅडचे नंबर चढत जातात, साधारण ५० किंवा १०० पासून ३००० पर्यंत. नंबर मोठा तितकी घासाई बारीक आणि चमक जास्त. दारापाशी ४०० च्या आसपास थांबलं तर दगड स्वच्छ, सपाट आणि मंद तकाकीचा दिसतो, आणि पायाला पकड मिळते. आत, लिफ्टच्या बाजूला, हवं तर पुढे जा.

नंबर वगळणारा पॉलिशवाला ओळखायला सोपा असतो. तो एका रात्रीत सगळा मजला करून देतो म्हणतो. ५० चा ओरखडा १०० ने काढायचा, १०० चा २०० ने. मधली पायरी गाळली की खोल ओरखडे तसेच राहतात. वरून पावडर आणि मेण चोळून ते झाकले जातात. महिनाभराने सकाळचं ऊन तिरकं आत आलं की गोल गोल वळसे दिसायला लागतात. चमकेसाठी वापरतात ती आम्लाची पावडर जास्त वेळ फिरवली तर दगड संत्र्याच्या सालीसारखा उठतो. म्हणून काम देण्याआधी एका कोपऱ्यात चौरस मीटरभर नमुना करून घ्यावा, आणि तो दुसऱ्या दिवशी, उन्हात, कोरडा असताना बघावा.

आणखी एक विचारावं. घासाई ओली करणार की कोरडी? ग्रॅनाइटमध्ये सिलिका भरपूर असते. तिची कोरडी धूळ फुप्फुसात जात राहिली की सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार होऊ शकतो, आणि तो बरा होत नाही. पाणी सोडून घासलं तर धूळ उडत नाही. पण पाणी आणि विजेचं मशीन एकत्र आलं, की विजेची गळती पकडून पुरवठा तोडणारा स्विच हवाच. मास्क, गमबूट, तो स्विच. कोटेशनमध्ये दर चौरस फुटाचा असतो. या तीन गोष्टी त्यात लिहून घ्यायला मालकाने मागे राहू नये. ही माणसं आपल्यासाठी रात्रभर गुडघ्यावर बसतात.

[पहाटेचे चार. मिस्त्री एका फरशीची कड दाखवतात, जिथे पायरीपाशी दगडाची जाडी दिसते.]

ही जाडी बघा. अठरा-वीस मिलिमीटर, बस. कडा समपातळीत आणणारी घासाई एखाद-दोन मिलिमीटर दगड कायमचा नेते. वेळेवर, बारीक नंबरने केलेलं काम त्याच्या अगदी थोड्या अंशात भागतं. म्हणून उशीर महाग पडतो, आणि गरज नसताना केलेली घासाईही.

मिस्त्रींनी कागदावर लिहिलं ते असं. ग्रॅनाइट : फक्त सफाई, साबणाचा थर काढणे. बोळातला कोटा : ठिपक्यांपुरती घासाई, ॲसिडची बाटली तळमजल्यावर आणू नये. संगमरवराची वाट : पूर्ण घासाई, सांधे भरणे, दारापाशी ४०० वर थांबणे. खांबाजवळच्या सहा फरश्या : आधी पुन्हा बसवणे. मागची भिंत : प्लंबर. चटई : निदान सहा पावलांची, रोज झटकणे.

खाली तारीख घातली. आजची नाही. सांध्यात भरायचं रेझिन आणि वरचा सीलर, दोन्हीला दगड आतून कोरडा लागतो, आणि ऑगस्टमध्ये मुंबईतला दगड कोरडा नसतो. काम दिवाळीनंतर.

[सव्वासहा. शटर वर जातं. बाई चटई बाहेर नेऊन भिंतीवर आपटतात. वाळू फुटपाथवर पडते. पहिला माणूस छत्री मिटत आत येतो.]