खांदेरीसमोरची उंदेरी

ही चित्रफीत खांदेरी आणि उंदेरी या शेजारशेजारच्या दोन बेटांवरच्या जलदुर्गांची. अलिबागजवळच्या थळच्या किनाऱ्यावरून समुद्राकडे पाहिले की आधी उंदेरी दिसते आणि तिच्या पलीकडे, अधिक खोल पाण्यात, खांदेरी. दोन टेकड्या आणि त्यांच्यामधली सखल जागा अशी खांदेरीची ठेवण आहे. होडी लागते ती या सखल जागेपाशी. वर दिसणारे दीपगृह १८६७ सालचे आहे. मुंबई बंदराकडे येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांवर येथून सहज लक्ष ठेवता येते. शिवाजी महाराजांना हे बेट हवे होते आणि इंग्रजांना ते त्यांच्या हाती जाऊ द्यायचे नव्हते, ते एवढ्याचसाठी.

१६७२ मध्ये येथे तटबंदीचा पहिला प्रयत्न झाला, पण इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी यांच्या विरोधामुळे तो सोडून द्यावा लागला. पुढे ऑगस्ट १६७९ मध्ये महाराजांच्या आरमारातले मायनाक भंडारी सुमारे दीडशे माणसे आणि चार लहान तोफा घेऊन बेटावर उतरले व त्यांनी पुन्हा कामाला हात घातला. किनाऱ्यावरून येणारी रसद तोडली की काम आपोआप बंद पडेल, या हिशेबाने इंग्रजांनी बेटाभोवती जहाजे आणून उभी केली. सप्टेंबरात लेफ्टनंट थॉर्प याने बेटावर उतरण्याचे धाडस केले, त्यात तो मारला गेला. १८ ऑक्टोबरला महाराजांचा आरमारप्रमुख दौलतखान याचे आरमार पहाटे चालून आले. इंग्रजांची ‘डव्ह’ ही गुराब, म्हणजे शिडाची लढाऊ नौका, मराठ्यांच्या हाती लागली, मात्र कॅप्टन मिंचिन आणि केग्विन ज्यावर होते त्या ‘रिव्हेंज’ने टिकाव धरला. या झुंजीचे वर्णन नेहमीच रंगवून केले जाते. आमच्या मते खरी लढाई रात्रीच्या अंधारात चालली होती. मराठ्यांच्या हलक्या होड्यांना पाणी कमी लागे, त्यामुळे अवजड इंग्रजी जहाजांना जेथे शिरता येत नसे अशा उथळ पाण्यातून वल्ही मारत त्या बेट गाठत, सामान उतरवत आणि निघून जात. आणि वेढा चालू असतानाच तट चढत राहिला.

तटाबाहेर भरतीच्या पाण्यात पडलेले हे मोठमोठे धोंडे पाहा. त्यांच्यावर कालवे चिकटून वाढतात आणि त्यांच्या शिंपल्यांच्या कडा पात्यासारख्या धारदार असतात. ओहोटीला अनवाणी चालून पाहणाऱ्याचा तळवा दोन पावलांत फाटतो. मग हातात शस्त्र घेऊन, लाटेचा मारा सोसत, वरून होणारा भडिमार चुकवत येथून चढायचे म्हणजे काय, याची कल्पना करता येईल.

गडावर गाड्यावर चढवलेल्या तोफा आहेत. लहान खड्याने ठोकले असता धातूच्या भांड्यासारखा नाद देणारा एक खडक आहे, आणि येणारा प्रत्येक जण त्यावर खडा मारून पाहतोच. कोळी बांधवांचा वेताळही येथेच आहे. ही पांढरी शिळा वर्षागणिक वाढते, अशी त्यांची श्रद्धा आहे.

जानेवारी १६८० मध्ये सिद्दी कासमने उंदेरी ताब्यात घेतली, इंग्रजांनी तडजोड करून माघार घेतली आणि खांदेरी मराठ्यांकडेच राहिली. कान्होजी आंग्रे यांच्या काळात, १७१८ मध्ये, इंग्रजांनी केलेला हल्लाही तिने परतवला.

आता कॅमेरा उंदेरीकडे वळतो. हे चित्रण होडीतूनच केलेले आहे, कारण येथे उतरायचे तर ओल्या खडकावरच पाय टाकावा लागतो आणि त्यासाठी समुद्र शांत असावा लागतो. बुरुजांच्या दगडांतून उगवलेली झाडे दुरूनही स्पष्ट दिसतात. खांदेरी मराठ्यांनी घेतली म्हणून सिद्दीने उंदेरी बांधली आणि या तटावरून खांदेरीवर तोफा डागल्या. त्यानंतर अनेक वर्षे हे दोन किल्ले समोरासमोर, एकमेकांच्या शत्रूंच्या हाती राहिले. खांदेरीची तटबंदी इतकी भक्कम कशासाठी, असे विचारणाऱ्याला या बेटाकडेच बोट दाखवावे लागते. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले समाविष्ट झाले. त्यांत खांदेरी आहे, उंदेरी नाही. यादीचे निकष काहीही असोत, थळहून खांदेरीला निघालेल्या प्रवाशाला वाटेतल्या या किल्ल्याची ओळख करून देणारा एक फलक तरी किनाऱ्यावर असावा, ही मागणी फार मोठी नाही.