गुंडभर गोड पाणी

अध्यक्ष महाराज, वाचनालयाचे कार्यकर्ते आणि समोर बसलेले माझे दर्यापूरकर,

मला विषय दिलाय ‘खारपाणपट्टा आणि छतावरचं पाणी’. खारपाणपट्टा म्हणजे जमिनीतलं पाणी खारं असलेला आपला हा भाग. त्याकडे मी येणारच आहे, आकडे लिहून आणलेत. पण मी मुळात या पाण्याच्या नादी का लागले, हे सांगितल्याशिवाय ते आकडे कोरडे वाटतील. म्हणून आधी थोडं मागं जाते.

माझं माहेर राजापूर तालुक्यातलं. तिकडं गंगा अवतरते. अचानक कधीतरी कुंडं भरतात, आणि ‘गंगा आली’ म्हणत गावंच्या गावं स्नानाला निघतात. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. विहिरीत कळशी सोडली की वर येणारं पाणी गारच असायचं आणि गोडही. पाण्याला चव असते, हे मला वयाच्या चोविसाव्या वर्षापर्यंत माहीतच नव्हतं. ते कळलं जून १९८७ मध्ये, याच गावात.

ह्यांची बदली बँकेतून इथं झाली. तीन वर्षांचा प्रश्न आहे, असं सासरच्यांनी समजावलं. मुंबईहून रात्रभर प्रवास करून सकाळी मूर्तिजापूरला उतरलो आणि शकुंतलेत, आपल्या त्या छोट्या रेल्वेगाडीत, बसलो. तुमच्यातल्या चाळिशीच्या आतल्यांना ते इंजिन आठवणार नाही. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन होतं, १९९४ पर्यंत तेच गाडी ओढत होतं. वऱ्हाडातला कापूस नेण्यासाठी इंग्रज कंपनीनं टाकलेली ही अडीच फुटी लाइन. एका बाईनं शेतातून हात केला तर ड्रायव्हरनं गाडी हळू केली आणि ती बाई डोक्यावरच्या टोपलीसकट चढली! मी ह्यांना म्हटलं, हे कुठं आणलंत मला. आता त्या रुळांवर बाभळी वाढल्यात. जाता-येता बघते आणि जीव तुटतो. ती गाडी पुन्हा धावावी म्हणून जिथं कागद पुढं येईल तिथं मी सही केली आहे, पुढंही करीन. असो, तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

तर पहिल्या दिवशी मी तुरीची डाळ शिजत घातली. स्टोव्ह होता, कुकर अजून सामानातून यायचा होता. एक तास झाला. दीड तास झाला. डाळ पातेल्यात जशीच्या तशी. दाणा बोटात धरला तर कडक, वरून पाण्यावर पांढरट तवंग. रॉकेल संपत आलेलं, ह्यांची ऑफिसात जायची वेळ झालेली. मला वाटलं दुकानदारानं जुनी डाळ दिली. मग म्हटलं मीठ घालून बघू, आणि चव घेतली तर मीठ आधीच आहे! मी काही घातलेलं नव्हतं. तिथं मला रडू फुटलं. डाळीसाठी नव्हे हो. तीन वर्षं या पाण्यात काढायची, या विचारानं.

शेजारच्या काकू दारात आल्या. डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाल्या, “काय वं बाई, दाय शिजून नाही राह्यली काय?” मी नुसती मान हलवली. त्या आत आल्या, पातेलं उचललं, ते पाणी मोरीत ओतलं. “इहिरीच्या पाण्यात दाय शिजत नसते,” म्हणाल्या, आणि घरी जाऊन गुंडभर पाणी घेऊन आल्या. आपल्याकडचा तो पितळी गुंड. मी त्याला कळशी म्हणायची, त्यावर त्या हसायच्या. ते पाणी गावाबाहेर नाल्याकाठच्या गोड विहिरीचं होतं. त्या पहाटे चारला उठून, रांगेत उभ्या राहून ते आणत. त्या पाण्यात पाऊण तासात डाळ मऊ झाली. आणि मग रोज सकाळी माझ्या दारात गुंड. पाऊस सुरू होईपर्यंत एक दिवस खंड नाही. त्यांच्या घरात सहा माणसं. वाटीनं मोजून पाणी प्यायचं ते घर. मला कधी मोजून दिलं नाही त्यांनी.

मी भाजी बाजारात गेले तर बाई विचारते, “सांबार पायजे काय?” मी म्हटलं, मला इडली करायची नाहीये. ती माझ्याकडं बघत राहिली, शेवटी कोथिंबिरीची जुडी हातात दिली. असे पन्नास किस्से आहेत. शेंगदाण्याला फल्ली, बटाट्याला आलू. ‘ळ’चा ‘य’ होतो हे कळायला वर्ष गेलं. मी शाळेत शिकवायला लागले तेव्हा वर्गातली पोरं ‘बाई, फया पुसू काय’ म्हणायची, म्हणजे फळा, आणि मी विचारायची, कुठलं फळ? आता माझ्या तोंडातून ‘करून राह्यले’ निघतं तेव्हा माहेरी भाऊ हसतात. हसोत.

त्या जुलैत पाऊस लागला. चपलेला दोन-दोन किलोचा चिखल. ही आपली काळी माती ओली झाली की सोडत नाही. पण मी बघितलं, काकूंच्या टिनाच्या छपराखाली रांजण लागले. पहिल्या पावसाचं पाणी जाऊ दिलं, दुसऱ्या-तिसऱ्यापासून धोतराचं फडकं चौपदरी बांधून भरायला सुरुवात. विचारलं तर म्हणाल्या, “आभायाचं पाणी कोन्या गावचं खारं असते?”

शाळेत नोकरी करत होते, सातवीला विज्ञान शिकवायचे. मुलांना सांगितलं, आपापल्या गावचं पाणी बाटलीत आणा. चाळीस बाटल्या आल्या. वाटीवाटीत ओतून उन्हात ठेवलं. चौथ्या दिवशी वाट्या कोरड्या, आणि तळाशी पांढरा थर. कुणाच्या वाटीत धूसर पट्टा, कुणाच्या वाटीत नखानं खरवडून निघेल एवढी पापडी. एक मुलगा दोन्ही हातांत वाटी धरून आला, अभिमानानं म्हणाला, “बाई, आमच्या गावचा नंबर पहिला!” मी त्याला शाबासकी दिली. त्या रात्री मला झोप लागली नाही. ते पोरगं तेच पाणी रोज पीत होतं.

१९९० च्या मे महिन्यात ह्यांची बदलीची ऑर्डर आली. रत्नागिरी. दरवर्षी आम्हीच अर्ज करत होतो. ह्यांनी कागद टेबलावर ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, जुलैत मुलांच्या वाट्या मांडायच्या आहेत. बाकी काही सुचलं नाही मला बोलायला. ऑर्डर बदलून घ्यायला ह्यांना साडेतीन महिने लागले आणि पगारवाढ एक वर्ष मागं पडली. त्याची तक्रार त्यांनी आजतागायत केलेली नाही, हे मला आज सगळ्यांसमोर सांगायचंच होतं.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं. दहा मिनिटं. आता विषयावर येते.

आपला पट्टा अकोला, अमरावती, बुलढाणा अशा तीन जिल्ह्यांत, पूर्णेच्या खोऱ्यात पसरलाय. इथं पूर्वी समुद्र होता, असं आपण लहानपणापासून ऐकतो. खरं कारण वेगळं आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी जमीन खचून मोठा खळगा झाला आणि नद्यांनी त्यात गाळ आणून टाकला, कित्येकशे फूट. त्या गाळातून पाणी नीट निचरत नाही, क्षार आत अडकून राहतात. विहीर खोल केली तर गोड लागेल, या आशेनं कितीतरी लोकांनी पैसा घातला. आणि या पाण्यानं शेत भिजवलं तर माती बिघडते, म्हणून आपला शेतकरी हरभरा जमिनीच्या ओलीवर काढतो. मूतखड्याचं दुखणं आपल्या घराघरांत आहे, त्यावर मी वेगळं बोलत नाही.

शहानूर धरणाचं नळाचं पाणी आलं, मोठा आधार झाला. पण पाइप फुटला, वीज गेली की पुन्हा टँकर. म्हणून माझं म्हणणं छताचं. लिहून घ्या. हजार चौरस फुटांचा स्लॅब म्हणजे ९३ चौरस मीटर. आपल्याकडं सातशे मिलिमीटर पाऊस धरा. छतावर पडलं ६५ हजार लिटर. गळती, पहिला पाऊस, उडणं धरून पाचवा हिस्सा सोडा. ५२ हजार लिटर उरतं. पाच माणसांच्या घराला प्यायला आणि स्वयंपाकाला माणशी पाच लिटर, म्हणजे दिवसाला २५. ऑक्टोबर ते मे, आठ महिने, सहा हजार लिटर. दहा हजार लिटरची टाकी बांधली तर चार हजार शिल्लक राहतं! छपराचा पाइप, पहिलं पाणी बाहेर काढायला एक नळ, वाळू-कोळशाचा गाळणीचा ड्रम, टाकीला घट्ट झाकण, तोंडाला डासांची जाळी. वर्षातून एकदा मे महिन्यात टाकी घासायची. झालं. घरी २००३ पासून आहे, या आणि बघा.

लासूरच्या आनंदेश्वराच्या मंदिरात गेला असाल. दगडी खांब आणि मधोमध छत उघडं, पाऊस सरळ आत येतो. दरवर्षी मी मुलांना तिथं नेऊन विचारायची, हे पाणी जातं कुठं? आणि आपल्या स्लॅबचं जातं कुठं? गाडगेबाबांचं शेंडगाव इथून किती लांब आहे? भाविक चिखलातून पूर्णेत उतरतात हे बघून ऋणमोचनला त्यांनी घाट बांधायला घेतला. स्वतः दगड उचलले. आपल्याला तर एक पाइप जोडायचाय.

नगरपरिषदेला अर्ज तयार आहे, नवीन बांधकामाला टाकी असावी म्हणून. दोनशे सह्या झाल्या, पाचशे हव्यात. पत्रक दाराजवळच्या खुर्चीवर आहे. काकू आता नाहीत. त्यांच्या सुनेनं मागच्या वर्षी टाकी बांधली.

शेवटचं. बाहेर दोन शेगड्यांवर दोन पातेली ठेवली आहेत. डाळ एकाच दुकानातली, एकाच वाटीनं मोजलेली, साडेपाचला एकदमच लावलेली. एकात बोअरचं पाणी आहे, दुसऱ्यात माझ्या छताचं. झाकण काढा आणि दाणा बोटानं दाबून बघा. सांभाळा, गरम आहे.