बोटांनी बोलणारा योगी

मंडळी, कॅचर म्हणजे बेसबॉलचा विकेटकीपर, असं म्हणून आपण मोकळे होतो. मीही बरीच वर्षं तसाच मोकळा होत होतो. पण आपला कीपर बोलर काय टाकतोय ते ओळखून चेंडू पकडतो. कॅचर आधी काय टाकायचं ते सांगतो आणि मग पकडतो. अमेरिकेतला नामांकित कॅचर योगी बेरा याचं नाव निघालं की लोक त्याची तिरपागडी वाक्यं सांगून हसतात. मला आज त्याच्या न बोललेल्या बोलण्याबद्दल सांगायचंय.

नाव आपल्याकडचं वाटतंय ना? आहेच. खरं नाव लॉरेन्स पीटर बेरा. जन्म १९२५चा, सेंट लुईस शहरातल्या ‘द हिल’ या इटालियन वस्तीतला. बाप विटांच्या कारखान्यात कामाला. पोराची शाळा आठवीतच सुटली. मॅचमध्ये आपली पाळी येईपर्यंत तो हाताची घडी घालून, मांडी ठोकून बसायचा. पोरांनी थिएटरात भारतावरचा एक माहितीपट पाहिला होता, त्यात एक योगी होता. ‘हा अगदी तस्साच बसतो,’ असं एका मित्राने म्हटलं आणि नाव चिकटलं, असं सांगतात. पुढची सत्तर-पंचाहत्तर वर्षं अमेरिका एका इटालियन पोराला योगी म्हणत राहिली!

समोरच्याच घरात राहणारा जो गॅराजिओला हा त्याचा दोस्त, तोही कॅचर. गावच्या कार्डिनल्स संघाने जोला करारासाठी ५०० डॉलर दिले आणि योगीपुढे २५० ठेवले. योगी म्हणाला, नको. पुढे न्यूयॉर्कच्या यांकीज संघाने ५०० दिले. मध्ये युद्ध आलं. ६ जून १९४४ला, एकोणिसाव्या वर्षी, तो नॉर्मंडीच्या किनाऱ्यासमोर एका छोट्या रॉकेट-बोटीवर होता. २२ सप्टेंबर १९४६ला तो यांकीजकडून पहिला सामना खेळला.

उंची ५ फूट ७ इंच, बांधा ठेंगणा-ठुसका. बॅटिंग मात्र अशी, की १९५०च्या मोसमात जवळजवळ ६०० वेळा उभा राहून तो फक्त १२ वेळा स्ट्राइक-आउट, म्हणजे तीन स्ट्राइक (हुकलेले किंवा सोडलेले चांगले चेंडू) होऊन बाद झाला. कॅचर म्हणून सुरुवात बेताचीच. १९४७च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे मोसमाच्या अंतिम मालिकेत, समोरच्या डॉजर्स संघाचे रनर त्याच्या नाकाखालून बेस चोरत होते, म्हणजे चेंडू पडताच पुढच्या टप्प्यावर पळत होते. म्हणून १९४९मध्ये यांकीजने आपला जुना कॅचर बिल डिकी याला त्याच्यावर मेहनत घ्यायला आणलं. योगी पत्रकारांना म्हणाला, ‘बिल डिकी मला त्याचा अनुभव शिकतोय.’ लोक हसले. व्याकरण चुकलं होतं, पण शिकवणी चुकली नव्हती: १९५७ ते १९५९ या काळात तो सलग १४८ सामने एकही एरर, म्हणजे फील्डिंगची चूक, न करता खेळला.

आता शिकला काय, ते जरा जवळून पाहू. योगीच्या काळातली पद्धत अशी: कॅचर उकिडवा बसतो. उजवा हात दोन मांड्यांच्या मध्ये, डाव्या हातातला मिट, म्हणजे जाडजूड हातमोजा, गुडघ्यापुढे आडोशाला, म्हणजे समोरच्या संघाला बोटं दिसत नाहीत. एक बोट म्हणजे फास्टबॉल, दोन म्हणजे वळणारा कर्व्ह. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, साडेसाठ फुटांवर. त्याने मान हलवून होकार द्यायचा किंवा नकार. सेकंड बेसवर, म्हणजे पिचरच्या पाठीमागे, रनर आला की पंचाईत, कारण त्याला सगळं दिसतं. मग चार-पाच खुणांची माळ करायची आणि त्यातली खरी कुठली ते दोघांतच ठरलेलं. आणि हे एका इनिंगमध्ये पंधरा-वीस वेळा, उठत-बसत, तोंडावर जाळी चढवून. मी कॉलेजात चार वर्षं कीपिंग केलं. ही करंगळी पाहा, अजून सरळ होत नाही. त्यात बॅटला चाटून आलेला चेंडू उघड्या बोटांवर बसतो तेव्हा काय होतं, ते मला कुणी सांगायला नको.

गंमत म्हणजे समोर उभ्या बॅटरशी योगीची टकळी अखंड चालू. घरचे कसे आहेत, मासेमारीला गेला होतास का. बॅटर वैतागायचा, इकडे बोटांचं काम बिनबोभाट चाललेलं.

८ ऑक्टोबर १९५६, वर्ल्ड सिरीजचा पाचवा सामना. पिचर डॉन लार्सन. तीनच दिवसांपूर्वी याच डॉजर्ससमोर त्याला दुसऱ्या इनिंगमध्ये बाहेर काढलं होतं. त्या दिवशी त्याने सत्तावीस बॅटर आले तसे परत पाठवले, एकालाही बेस गाठू दिला नाही. ९७ चेंडू. योगीची एकही खूण आपण नाकारली नाही, असं लार्सनने नंतर सांगितलं. म्हणजे ९७ निर्णय कुणाचे? शेवटचा स्ट्राइक पडताच योगी धावत जाऊन लार्सनच्या अंगावर चढला, तो फोटो तुम्ही पाहिला असेल. पोर बापाच्या कडेवर चढावं तसा!

खेळाडू म्हणून जिंकलेल्या दहा वर्ल्ड सिरीज आणि सर्वोत्तम खेळाडूचे तीन एमव्हीपी किताब, हे त्याचं माप. पण गुडघे कुणाचेच टिकत नाहीत. एल्स्टन हॉवर्ड हा यांकीजचा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, तोही कॅचरच. हळूहळू ती जागा त्याच्याकडे गेली आणि योगी लेफ्ट फील्डला, म्हणजे मैदानाच्या मागच्या डाव्या भागात, जाऊ लागला. १९६०च्या सिरीजचा शेवट करणारा समोरच्या संघातल्या माझेरोस्कीचा होमरन त्याच्याच डोक्यावरून भिंतीपार गेला. तरी २४ जून १९६२ला, सदतिसाव्या वर्षी, डेट्रॉइटमध्ये त्याने २२ इनिंग्ज कॅचिंग केलं. सात तास चालला तो सामना. सात तास उकिडवं!

पुढे संघाचा मॅनेजर झाल्यावर यांकीजने त्याला दोनदा नारळ दिला. १९८५मध्ये तर मोसमाचे सोळा सामने झाल्यावर, तेही मालकाने स्वतः न सांगता. योगी रुसला आणि चौदा वर्षं त्या स्टेडियमची पायरी चढला नाही. समेट १९९९मध्ये झाला. १८ जुलैला त्याचा सत्कार होता. लार्सनने पहिला चेंडू टाकायचा आणि योगीने पकडायचा. योगीकडे मिट नव्हता, त्याने यांकीजचा कॅचर जो जिरार्डी याचा मागून घेतला, चेंडू पकडला आणि परत दिला. मग जिरार्डी तोच मिट चढवून उकिडवा बसला. त्या दुपारी यांकीजचा पिचर डेव्हिड कोन याने ८८ चेंडूंत सत्तावीसच्या सत्तावीस बॅटर बाद केले. योगी आणि लार्सन दोघेही वर बसून पाहत होते.